वाटाण्यांचा आनुवंशिकता संच: दाणे उत्तम, शेवटचं पान नको

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. या संचातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून आलेल्या दुसऱ्या पिढीच्या वाटाण्यांची पिशवी. मुलं गोल आणि सुरकुतलेले दाणे निवडतात, मोजतात, आणि गुणोत्तर ३:१ च्या आसपास येतं. वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले मिळाले होते. ते आकडे फळ्यावर लिहून शेजारी वर्गाचे मांडले की मुलांचे चेहरे बघावेत! दाणा का सुरकुततो, हेही पुस्तिकेत छान समजावलंय: स्टार्चला फांद्या जोडणारं एक विकर (एन्झाइम) निकामी असतं, साखर साठते, दाणा जास्त पाणी ओढतो आणि वाळताना आकसतो.

‘आपल्या घरातले गुण’ हे शेवटचं पान मात्र मी वाटतच नाही. जीभ गुंडाळता येणं एकाच जनुकावर ठरतं, असं तिथे छापलंय. एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, हे १९५२ पासून माहीत आहे. डोळ्यांच्या रंगामागेही अनेक जनुकं असतात. या पानावरचा तक्ता घरी भरताना आई-बाबांशी गुण जुळले नाहीत, तर एखादं मूल ‘मग मी कुणाचं?’ या प्रश्नाने हादरू शकतं. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत हे पान काढावंच. दाण्यांसाठी संच जरूर घ्या, आणि पिशवी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.