सातपुड्यातील उन्हाळ्यासाठी हवामान विभागाचा हंगामी अंदाज: किती उपयोगी, किती अपुरा

उन्हाळ्याच्या सुटीत चिखलदऱ्याला जावे की पचमढीला, आणि एप्रिलमध्ये जावे की मे महिन्यात, हे ठरवताना नागपूरकरांना पूर्णतः विनामूल्य मिळणारे एक साधन म्हणजे भारतीय हवामान विभागाचा हंगामी अंदाज. २०१६ पासून विभाग उन्हाळ्याचा असा अंदाज देत आला आहे. आता फेब्रुवारीअखेरीस मार्च ते मे या काळाचा आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जून या काळाचा अंदाज प्रसिद्ध होतो. सातपुड्यातील प्रवासाच्या दृष्टीने तो नेमाने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, ऋतूचा एकंदर कल समजून घेण्यासाठी हा अंदाज भरवशाचा आहे. परंतु डोंगराची उंची त्यात दिसत नाही आणि ती भर वाचणाऱ्यालाच घालावी लागते.

या अंदाजात कमाल आणि किमान तापमानाचे नकाशे असतात, तसेच उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहतील की कमी, याचा निर्देश असतो. तुलनेसाठी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी धरली जाते. नकाशा वाचताना सर्वाधिक गैरसमज रंगांबाबत होतो. विदर्भावर गडद लाल रंग दिसला, की यंदा पारा फार वर जाणार असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात रंगाचा गडदपणा तापमान सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता किती आहे एवढेच सांगतो. ते किती अंशांनी अधिक राहील, हे त्या रंगातून कळत नाही. हा खुलासा नकाशाच्या खालीच ठळक अक्षरांत आणि मराठीतून दिला गेला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

आता डोंगराकडे वळू. हंगामी अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकी प्रतिरूपातील (मॉडेलमधील) एक चौकट साधारण ३८ किलोमीटरची असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाटरस्ता सुमारे ३० किलोमीटरचा आहे, म्हणजे सपाटीवरचे गाव आणि सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे पठार ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकटीत मावू शकतात आणि दोघांचे मिळून एकच सरासरी उत्तर निघते. पचमढीचेही असेच आहे. ती १,०६७ मीटरवर वसलेली असून जवळच १,३५० मीटर उंचीचे धूपगड, म्हणजे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर आहे; नागपूर मात्र जेमतेम ३१० मीटरवर आहे. हवा कोरडी असताना, आणि मे महिन्याच्या दुपारी ती आपल्याकडे कोरडीच असते, उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांपर्यंत उतरू शकते. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना या पठारांवर तो सहा-सात अंशांनी खाली असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. हवेत ओलावा वाढला, ढग आले, की हा फरक कमी होतो.

तरीही हंगामी अंदाज डोंगरासाठी निरुपयोगी ठरत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत येथेच आहे. वायव्येकडून येणारी तप्त, कोरडी हवा पसरते तेव्हा ती नागपूर, अमरावती, बैतूल अशा सगळ्या पट्ट्यावर पसरते. त्यामुळे सरासरीपासूनचा कल बहुधा पठारावरही तोच राहतो. ज्या वर्षी विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या दक्षिण भागात उन्हाळा अधिक तापण्याची शक्यता दाखवली असेल, त्या वर्षी चिखलदराही स्वतःच्या नेहमीच्या मानाने अधिक तापेल असे धरून सहल मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या आरंभी उरकावी. मेळघाटात मे महिन्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा लवकर जाणे स्थानिकांच्याही सोयीचे ठरते.

अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो, याचा प्रत्यय २०२५ मध्ये आला. त्या वर्षी एप्रिल ते जून या काळात देशाच्या बहुतेक भागांत कमाल तापमान सरासरीहून अधिक राहील, असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात मे महिना विलक्षण पावसाचा गेला आणि मान्सून २४ मे रोजीच, म्हणजे नेहमीच्या १ जून या तारखेच्या आठ दिवस आधी, केरळात पोहोचला. एवढ्यावरून या सेवेला नापास करणे मला योग्य वाटत नाही. मात्र आरक्षणाचे पैसे परत मिळण्याची सोय ठेवूनच हंगामी अंदाजावर विसंबावे.

जिल्हावार इशाऱ्यांबाबत माझी नाराजी अधिक आहे. उष्णतेच्या लाटेसाठी विभागाचे निकष मैदानी आणि डोंगरी भागांना वेगळे आहेत: मैदानात कमाल तापमान किमान ४० अंश, तर डोंगरी भागात किमान ३० अंश असावे लागते आणि साधारणतः ते सरासरीहून साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते. निकषांत हा विवेक आहे. पण पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग संपूर्ण जिल्ह्याला एकच दिला जातो. अमरावती जिल्ह्यात कपाशीची तापलेली मैदाने आणि मेळघाट एकाच रंगात येतात, तसेच नर्मदापुरम जिल्ह्यात नर्मदेचे खोरे आणि पचमढी.

वळवाच्या विजेबद्दल हंगामी अंदाज काहीच सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारा ओलावा कोरड्या हवेला भिडतो, दुपारच्या उन्हाने तापलेले डोंगर हवेला वर ढकलतात आणि तिसऱ्या प्रहरानंतर गडगडाटी ढग उभे राहतात. धूपगडावर सूर्यास्त पाहण्यासाठी माणसे जमतात ती नेमकी याच वेळी, तेही साऱ्या सातपुड्यातील सर्वांत उंच जागी. येथे दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, नंतर जिल्ह्याचा रोजचा अंदाज आणि अखेरीस पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा, या क्रमानेच जावे लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेची सूचना देते. डोंगरावर संपर्क तुटक असल्याने शिखराकडे निघण्यापूर्वी, मुक्कामाच्या ठिकाणीच ते पाहून घ्यावे, आणि सूचना असेल तर सूर्यास्ताचा मोह सोडावा.

वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबांनी किमान तापमानाचा नकाशा आधी पाहावा, असे मी सुचवीन. वर्तमानपत्रांत त्याची फारशी चर्चा होत नाही. पण नागपूरच्या रात्री यंदा नेहमीपेक्षा उष्ण राहतील का, हे तोच सांगतो, आणि पठारावर मुक्कामाने जाण्याचा निर्णय पुष्कळदा दुपारच्या पाऱ्यापेक्षा याच उत्तरावर घ्यावा लागतो.

२६ मे २०२५ रोजी विभागाने सहा किलोमीटरच्या जाळ्यावर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली. ती काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे, हंगामी अंदाजासाठी नाही. पण तिच्या जाळ्यात परतवाडा आणि चिखलदरा वेगवेगळ्या चौकटींत येतात. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या कार्यक्षेत्रात विदर्भाबरोबर मध्य प्रदेशही येतो, म्हणून मेळघाट आणि पचमढी या दोन्ही पठारांसाठी जिल्ह्याहून स्वतंत्र इशारा देण्यास या केंद्राने येत्या उन्हाळ्यापासून आरंभ करावा, अशी माझी विनंती आहे.