खरा वर्ख, खरे सागवान आणि ४,८५,००० रुपये

गेल्या वर्षी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका दुकानातून मी बरोक या जुन्या युरोपीय, भरगच्च नक्षीच्या शैलीचा पलंग ४,८५,००० रुपयांना विकत घेतला. अस्सल सागवान, हाताने केलेले कोरीव काम आणि त्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख, असे मला छातीठोकपणे सांगण्यात आले होते. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. उशाकडची फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, नक्षी साच्यात ओतलेल्या रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, आणि सोने म्हणजे पितळेचा वर्ख.

या विषयात मी अगदीच अनभिज्ञ होतो असे नाही. जुन्या गोव्यातील चर्चमधल्या सोनेरी वेद्या मी जवळून पाहिल्या आहेत. लाकडावर खडू आणि सरस यांचे थर देऊन, त्यावर तांबूस मातीचा लेप लावून मग वर्ख चढवतात आणि तो अकीकाच्या दगडाने घोटतात, हे मला ठाऊक होते. म्हणूनच दुकानदाराने फ्रान्सच्या राजाचे नाव घेऊन ‘चौदाव्या लुईच्या पलंगाची हुबेहूब प्रत’ असे म्हटले तेव्हाच मी थांबायला हवे होते. त्या काळच्या राजेशाही पलंगांचे वैभव मुख्यतः भरजरी पडद्यांत असे. शिवाय लुई १७१५ मध्ये वारला, आणि माझ्यासमोरच्या पलंगावरचे दोन बाजू न जुळणारे शिंपले त्याच्यानंतर बहरलेल्या रोकोको शैलीतले होते.

पण खरा क्षण तो नव्हे. डाव्या खांबावर अकँथस या झाडाच्या कातरलेल्या पानांची नक्षी होती; तिच्यातल्या तिसऱ्या पानाच्या टोकाशी मोहरीएवढा खड्डा माझ्या बोटाला लागला. उजव्या खांबावर हात फिरवला, तर तिसऱ्याच पानाच्या टोकाशी तसाच, तेवढाच खड्डा. पटाशी चालवणाऱ्याच्या हातून तीच चूक नेमक्या त्याच जागी दोनदा होत नाही. तो दोष साच्यातला होता. मी विचारलेही. “साहेब, एकाच कारागिराचा हात आहे, म्हणून दोन्हीकडे सारखं उतरलंय,” असे उत्तर आले आणि मी मान डोलावली! पत्नी म्हणत होती की फळी मागच्या बाजूने पाहू या. दुकानदारापुढे ते बरे दिसणार नाही म्हणून मीच तिला थांबवले. मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर होते आणि मला तो विषय संपवायचा होता. तुम्ही मात्र मागची बाजू पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

मी १,००,००० रुपये इसार दिला, २,०५,००० बँकेतून भरले आणि ‘तेवढी सूट बसेल’ या आमिषाला भुलून उरलेले १,८०,००० रोख मोजले. ही माझी चूक आहे आणि तिची मला लाज वाटते. बिल ३,०५,००० रुपयांचे मिळाले, त्यावर मजकूर एवढाच: ‘डेकोरेटिव्ह बेड, १ नग’. लाकडाचे नाव, कोरीव कामाचा प्रकार आणि वर्ख कशाचा, हे बिलावर लिहून घेतलेच पाहिजे.

पहिल्याच पावसाळ्यात कडांवरचे सोने हिरवट काळे पडले आणि फळीचा खालचा काठ फुगला. खरे सोने काळवंडत नाही. ओळखीच्या सुताराने एक पान पटाशीने खरवडले, तेव्हा लाकडाच्या तंतूंऐवजी पांढरी भुकटी पडली.

पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. “हा दिवाणी मामला आहे,” असे तिन्ही वेळा ऐकवून तक्रार नोंदवण्याचे टाळण्यात आले. खोटे सांगून पैसे उकळणे हा गुन्हा नसेल तर गुन्हा कशाला म्हणायचे? ग्राहकांसाठीच्या १९१५ या क्रमांकावर केलेली तक्रार दुकानाकडे पाठवण्यात आली. ‘ग्राहकाने माल पाहून घेतला’ असे एका ओळीचे उत्तर दुकानाने दिले, आणि त्यावरच ती बंद झाली. माल तपासायला कोणी आले नाही, सुताराने काढून दिलेला तुकडा कोणी मागितला नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, हे ध्यानात ठेवा. तिथेही आतापर्यंत चार तारखा पडल्या आणि चारही वेळा समोरच्या वकिलाने मुदत मागून घेतली. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा माझ्याकडे नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे.

मागच्या आठवड्यात दुकानदाराने मध्यस्थामार्फत ६०,००० रुपये देऊ केले. अट एकच होती, की झाला प्रकार मी कुठेही लिहायचा नाही. मी ते पैसे नाकारले.