थेट टेम्पलमध्ये लग्न की आधी नागरी विवाह?

अमेरिकेतल्या अनेक मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) जोडप्यांपुढचा हा पेच. टेम्पल म्हणजे त्यांचं खास विधींचं पवित्र मंदिर. टेम्पलमधल्या ‘सीलिंग’ विधीने नातं मृत्यूनंतरही टिकतं, ही त्यांची श्रद्धा. नागरी विवाहाचं वचन याच आयुष्यापुरतं. टेम्पलमध्ये शुल्क नसतं, अडचण प्रवेशाची. बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळींचा प्रमुख) यांनी मुलाखती घेतल्यानंतर मिळणारं ‘रेकमेंड’ म्हणजे प्रवेशपत्र हवं (ते २ वर्षं चालतं), शिवाय ‘एन्डाउमेंट’ हा देवाला वचनं देण्याचा टेम्पलमधला विधी आधी झालेला हवा. ही अट पाहुण्यांनाही लागू. म्हणून चर्चचे सदस्य नसलेले आईवडील मुलीच्या लग्नात बाहेर बसतात, आणि ते मनाला फार लागतं. चॅपलमधल्या (दर आठवड्याच्या प्रार्थनेच्या जागी होणाऱ्या) नागरी विवाहाला सगळे येऊ शकतात. पूर्वी त्यानंतर सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागे. मे २०१९ मध्ये ती अट गेली.

दोन्हीकडच्या जवळच्यांकडे रेकमेंड असेल तर थेट टेम्पल. नसेल तर आधी चॅपल, मग जमेल तितक्या लवकर सीलिंग.