एम्युलेटरचा कर्ता गेला तर? पीसी-एम, 86बॉक्स आणि डॉसबॉक्स यांतून निवडताना

फोंड्यात माझ्या काकांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या कार्यक्रमपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं अशी कितीतरी वर्षांची कामं विंडोज 95च्या एकाच पीसीवर, पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये झाली. गेल्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क तेवढी वाचली. डिस्कची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलमधली जशीच्या तशी प्रत काढून एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तोच पीसी पुन्हा उभा करू, असं मी सुचवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे फुकट करणारा माणूस उद्या थांबला, तर आम्ही कोणाच्या दारात जायचं?"

मला तो प्रश्न फार रास्त वाटला. म्हणून इथली तुलना मी वेगाची किंवा चकाकीची करत नाही. कर्ता गेल्यावर तुमच्या हातात काय उरतं, तेवढंच बघतो.

आधी पीसी-एम, कारण त्याच्या बाबतीत हे खरोखर घडलं. पीसी-एम अख्खा जुना पीसी उभा करतो: मदरबोर्ड, बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, सगळं. त्याची 17वी आवृत्ती डिसेंबर 2020 मध्ये आली आणि जून 2021 मध्ये मूळ डेव्हलपरने काम सोडलं. नवा सांभाळणारा मिळाला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात. मधले सहा महिने प्रकल्पाला धनी नव्हता. पण त्या काळात कोणाचाही चालू पीसी-एम बंद पडला नाही. उतरवून घेतलेली फाइल जशी होती तशीच चालत राहिली, आणि कोड जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली असल्यामुळे तो घेऊन पुढे जायला कोणालाही आडकाठी नव्हती. अडलं ते एवढंच की बग कळवायला माणूस उरला नाही आणि पुढे नवी विंडोज आली तर काय, याचं उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

86बॉक्स त्याच पीसी-एमच्या कोडमधून फुटलेली शाखा. ती मूळ डेव्हलपर जाण्याच्या कितीतरी आधीपासून वेगळी वाढत होती, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फरक. कर्ता गेल्यावर धावाधाव करून शाखा काढणं वेगळं आणि आधीपासून दुसरं घर नांदतं असणं वेगळं. 86बॉक्सवर बरेच जण काम करतात. 2023 मध्ये त्याची 4.0 आवृत्ती आली, त्यानंतरही नव्या येत राहिल्या. एकाने हात काढला तर काम मंदावेल, थांबणार नाही.

छापखान्यासाठी आणखी एक गोष्ट मोलाची ठरली: 86बॉक्समध्ये पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणारा नकली प्रिंटर आहे. पेजमेकरमधून प्रिंट दिली की सोबत घोस्टस्क्रिप्ट हा ती भाषा वाचणारा प्रोग्रॅम असेल तर सरळ पीडीएफ मिळते. उणी बाजू म्हणजे वेग. हुबेहूब नक्कल करण्यासाठी तो प्रोसेसरला चांगलाच राबवतो. साध्या लॅपटॉपवर नक्कल केलेल्या पेंटियम प्रोसेसरचा वेग जास्त ठेवला की आवाज तुटतो आणि माउस अडखळतो. आम्ही वेग कमी केला, पेजमेकरला तेवढा पुरतो.

इमेज पहिल्यांदा चालू केली ती संध्याकाळ सांगायलाच हवी. विंडोज 95ला वाटलं, आपल्याला दुसऱ्याच यंत्रात आणून बसवलंय. एकामागून एक नवं हार्डवेअर सापडल्याच्या चौकटी, आणि प्रत्येक वेळी सीडीची मागणी. सीडीवरच्या कॅब फाइल (विंडोजच्या दाबून ठेवलेल्या फाइल) आधीच इमेजमध्ये टाकून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. मग पेजमेकर उघडला आणि म्हार्दोळच्या जायांच्या पुजेची एक जुनी पत्रिका समोर आली, वेलांट्या-काने जागच्या जागी. काका खुर्ची ओढून बसले आणि जुन्या ग्राहकांची नावं वाचत राहिले. हीच फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली होती तेव्हा इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली होती, कारण तो मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीत नाही, जुन्या फाँटच्या सांकेतिक क्रमात आहे. फाँट इमेजमध्येच असल्यामुळे इथे सगळं वाचता आलं. टाइप करण्याचं सॉफ्टवेअर मात्र चाललं नाही. ते पीसीच्या मागच्या पोर्टला लावलेलं लॉक (चोरून वापर होऊ नये म्हणून दिलेला खुंटा) शोधतं, आणि ते लॉक एम्युलेटरला दिसत नाही. जुनं काम बघायचं, छापायचं असेल तर हा मार्ग पुरतो. त्याच सॉफ्टवेअरवर नवं कंपोझ करायचं असेल तर पुरत नाही, हे आधीच धरून चाला.

तुमचं काम निव्वळ डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचं असेल तर एवढा खटाटोप नको. काकांची उधारीची खतावणी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये होती, तिला डॉसबॉक्सच्या घराण्यातलं काहीही चालतं. मूळ डॉसबॉक्सची 0.74 आवृत्ती 2010 मधली आणि 0.74-3 ही 2019 मधली. त्यानंतर नवी अधिकृत आवृत्ती नाही. तो एसडीएल या चित्र-आवाज-कीबोर्ड हाताळणाऱ्या कोडसंग्रहाच्या 1.2 या जुन्या आवृत्तीवर उभा आहे, तिचाही विकास कधीच थांबलाय. आज चालतो, पण त्याच्या भरवशावर आता नवं काही उभारू नये. शिवाय तो मुळात खेळांसाठी केलेला, त्यात छपाईची सोय नाही.

डॉसबॉक्सच्या बघण्यासारख्या शाखा दोन. डॉसबॉक्स स्टेजिंग 2019 पासूनची, कोड नवा आणि नेटका केलेला, हात अनेक, पण लक्ष खेळांवर. डॉसबॉक्स-एक्स 2011 पासूनचा. छपाई, लांब फाइलनावं, जुने धंद्याचे प्रोग्रॅम यांची काळजी तोच घेतो. त्यात मूळ लेखकाचाच भार जास्त आहे, म्हणजे काकांचा प्रश्न इथे सगळ्यात टोकदार. तरीही खतावणीसाठी मी तोच निवडला. डॉसबॉक्समध्ये तुमच्या लॅपटॉपवरचं साधं फोल्डरच सी ड्राइव्ह होतं. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल बाहेर उघड्यावर असतात, लिबरऑफिसमध्येही उघडतात. एम्युलेटर नाहीसा झाला तरी उधारीची वही हातात राहते.

86बॉक्समध्ये तसं नाही, तिथे सगळं डिस्क इमेजच्या पोटात. म्हणून इमेज साध्या आयएमजी किंवा व्हीएचडी स्वरूपातच ठेवा. ती 7-झिप या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनेही उघडून आतल्या फाइल काढता येतात. आयएमजी असेल तर सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे (डिस्कची मांडणी सांगणारे) आकडे कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या एम्युलेटरला जोडताना तेच लागतात. आमचे आकडे काकांनी पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेत.

परवाना बघायचं का महत्त्वाचं, ते पीडीपी-11 आणि व्हॅक्स या जुन्या संगणकांच्या सिमएच एम्युलेटरने 2022 मध्ये दाखवलं. तिथे कोणी सोडून गेलं नव्हतं. एका प्रमुख डेव्हलपरने आपल्या पुढच्या बदलांना नवी अट घातली. जुना कोड मोकळ्या परवान्यावर होता, म्हणून बाकीच्यांनी तो घेऊन ओपन सिमएच उभा केला. पुढच्या कोडवर कोणी काहीही अट घालो, मोकळा सोडलेला कोड परत घेता येत नाही.

आमच्याकडे आता असं आहे: पत्रिका-हँडबिलांना 86बॉक्स, खतावणीला डॉसबॉक्स-एक्स. दोन्हींच्या उतरवून घेतलेल्या फाइल, दोन्हींचा सोर्स कोड, 86बॉक्सचा रॉम संच (जुन्या मदरबोर्ड-कार्डांच्या बायोसच्या फाइल) आणि डिस्क इमेज दोन पेनड्राइव्हवर आहेत. एक छापखान्याच्या कपाटात, दुसरा माझ्याकडे म्हापशाला. नव्याने सुरू करणाऱ्याला मी पीसी-एम सुचवणार नाही. पण तुमचं त्यावर आधीच नीट चाललं असेल तर घाईने हलवू नका. उतरवून घेतलेली फाइल जपून ठेवा आणि इमेजची एक प्रत 86बॉक्समध्ये सुरू होते का, ते फुरसतीने करून बघा.

फ्लॉपींचं काम मात्र थांबवून चालणार नाही. काकांच्या डब्यात सत्तरेक फ्लॉपी निघाल्या. पत्र्याची झडप सरकवली की काहींच्या काळ्या चकतीवर पांढरी बुरशी दिसते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हेडला बुरशी लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. स्वच्छ असलेल्या आधी वाचून घेतोय, दिवसाला दहा-बारा. मिरगाच्या आत त्या संपवायच्या आहेत.