येसराची आमटी की सांबार?

आमच्या लातूरकडं तुरीला तोटा नाही, तरी भाकरीसोबत काय हा प्रश्न रोजचाच. माझं मत आधीच सांगते: येसर. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, धने, लाल मिरच्या, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळायचं. डबा महिनाभर पुरतो. लसणाची चरचरीत फोडणी, पाणी, मीठ, आणि ४ माणसांना ३ मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच! नव्या नवलाईत मी तसंच केलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती पळी फिरवत राहिल्या. डाळ शिजवायची भानगड नाही, १५ मिनिटांत आमटी तयार.

सांबाराला वेळ लागतो. तूरडाळ शिजवा, चिंच भिजवा, शेवगा चिरा. दाटपणा डाळीचा, आंबटपणा चिंचेचा, मसाल्यात मेथीदाणे. इडलीला तेच हवं. पण त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून बघा. चिंच भाकरीची गोडी मारते.

अवचित पाहुणे आले तर येसर. रविवारी पोरं डोशासाठी अडून बसली तर सांबार, आणि मग मीही दोन वाट्या नुसतंच पिते.