एमआरडी (हॉस्पिटलचा मेडिकल रेकॉर्ड विभाग) सांभाळायला शिकायचंय: डिप्लोमा करावा की जुन्या माणसाच्या हाताखाली बसावं?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. तिघंही सोलापुरातलेच, हॉस्पिटलात एमआरडीला नाहीतर बिलिंगला आहेत आणि आता इन्चार्ज व्हायचं डोक्यात आहे. फाइल, कोडिंग (म्हणजे आजाराला ठरलेला कोड देणं), डिस्चार्ज समरी या गोष्टी तुम्हाला माहिती आहेत असं धरून चालतो. मी दोन्ही केलंय. एका मध्यम साइजच्या हॉस्पिटलात जुन्या रेकॉर्डकीपरच्या हाताखाली होतो (त्यांना सगळे मामाच म्हणायचे, डॉक्टरसुद्धा) आणि तिथं असतानाच पुण्यातल्या एका संस्थेचा हॉस्पिटल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, महिन्यातनं दोन रविवार कॉन्टॅक्ट क्लास.

डिप्लोमाचं आधी बोलतो, कारण त्याला नावं ठेवणं लय सोपं आहे आणि तेवढं बरोबर नाही. मामांना "का" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पहिल्यापासनं असंच हाय की." भरती पेशंटची फाइल किमान ३ वर्षं ठेवायची हे त्यांना पाठ, पण ते मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या रेग्युलेशनमधनं आलंय आणि पेशंटनं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे हेही तिथंच लिहिलंय, हे मला क्लासात कळलं. मामांचा हिशोब वेगळा होता, नातेवाइकानं तीन खेपा घातल्या म्हणजे खरंच गरज आहे.

दुसरं म्हणजे टर्मिनल डिजिट फायलिंग. आमच्याकडं महिन्यावार गठ्ठे असायचे, म्हणजे सगळी माणसं चालू महिन्याच्या रॅकपाशीच गर्दी करून उभी आणि फाइल चुकीच्या जागी गेली की "मी नाही लावली" सुरू. नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लावायला लागल्यावर ०० ते ९९ असे शंभर कप्पे झाले, आमच्या स्टाफमधल्या काकूंना पहिले तेहतीस, मग पुढचे पुढचे, काम आपोआप सारखं वाटलं गेलं आणि कुठल्या कप्प्यात घोळ आहे ते लगेच दिसायला लागलं. भांडणं बंद झाली, म्हणजे कमी झाली. मामांनी हे मान्य कधीच केलं नाही पण स्वतःच्या हातानं कप्प्यांना नंबर चिकटवले.

आता मामांची बाजू. डिप्लोमात स्टाफ मॅनेजमेंटचा अख्खा पेपर होता, मोटिव्हेशनच्या थिअऱ्या, गरजांचा तो पिरॅमिड वगैरे. पण एमआरडीत निम्मं काम अशा लोकांकडनं करून घ्यायचं असतं जे तुमच्या हाताखाली नाहीतच. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ घ्या. रात्रपाळीचा डॉक्टर कारण म्हणून "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून मोकळा होतो. ते कारण नव्हेच, मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं, त्याच्यामागचा आजार लिहायला पाहिजे. हे मला पुस्तकातनं माहीत होतं, म्हणून मी जाऊन सरळ म्हटलं की सर हे चुकलंय. फॉर्म दोन दिवस तसाच पडून. मामा गेले ते राउंड संपून चहा यायच्या टायमाला, हातात फॉर्म, "साहेब, एवढी एक ओळ राहिली बघा," आणि पेन टोपण काढून पुढं. चूक हा शब्दच नाही. सहीसकट पाच मिनिटांत परत.

शिवाय आपलं सोलापूर. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार पेशंट, त्यातले दोन एकाच गल्लीतले. मामा खिडकीवरच्या म्हातारीशी तेलुगूत बोलायचे, अक्कलकोटकडनं आलेल्याशी कन्नडमध्ये, आणि दोन प्रश्नांत कळायचं की ही तिच्या जावेची फाइल मागतेय. डुप्लिकेट नंबर कसे टाळावेत यावर क्लासात एक चॅप्टर होता, चांगला होता, पण खिडकीवर कसं विचारायचं ते त्यात नव्हतं.

एवढं सगळं असूनही माझ्या मनात कितीतरी दिवस दोन्ही सारखंच होतं. काटा हलला तो एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीमुळं, सोमवारमुळं. एमआरडीत सोमवार कसा असतो तुम्हाला माहितीये, शनिवार-रविवारचे सगळे डिस्चार्ज एकदम टेबलावर, अर्ध्या समऱ्यांवर सह्या नाहीत, टीपीएच्या (विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या) क्वेऱ्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या केसला काहीतरी अपलोड करायचं राहिलेलं. आणि मी रविवारी पहाटे उठून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडणार, दिवसभर क्लास, रात्री उशिरा घरी, सोमवारी अकराला डोळे चोळत हजर किंवा सरळ अर्धी रजा. एकदा काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब माणसं सांभाळायचं शिकायला पुण्याला जातेत आणि सोमवार आमच्या गळ्यात." सगळे हसले, मीही हसलो, पण त्या महिन्यात कामं वाटून द्यायच्या पद्धतींवरच असाइनमेंट लिहीत होतो हो, तेही हातानं, वीस पानं. पुढं जे काही सांगायला जावं तर समोरच्याच्या तोंडावर तेच वाक्य दिसायचं. ते पुसायला मला सहा महिने लागले, एकही सोमवार न चुकवता.

त्यामुळं माझं आपलं मत, तुमचं वेगळं असू शकतं, की आधी दोन वर्षं कुणा मामांच्या हाताखाली काढा, डिप्लोमा नंतर. तुम्ही अजून नोकरीला लागलाच नसाल किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज करायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं कागदाशिवाय आत बोलवायचे नाहीत कदाचित. कोडिंगचं म्हणाल तर दोन्हीकडं स्वतःच बसावं लागतं. आयसीडी-११ (आजारांच्या कोडची नवी जागतिक यादी) जानेवारी २०२२ ला लागू झालं तरी आमच्याकडं अजून दहाच चालतंय, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत साप चावलेल्या चार केस स्वतः टी६३.० ला (सापाच्या विषाचा कोड) टाकल्या की कुठलाही क्लास लागत नाही.

फक्त मामा निवडताना बघून घ्या. पहिल्याच भेटीत रेकॉर्ड रूम दाखवा म्हणा. एमएलसीच्या (पोलिसांत नोंद होणाऱ्या केसच्या) फाइली वेगळ्या कपाटात कुलपात आहेत का आणि बाहेर गेलेली फाइल कुणाकडं आहे याची नोंद आहे का, एवढं बघा. जिथं सगळं एकाच्या डोक्यात आहे तिथं तो माणूस पोरीच्या लग्नाला आठ दिवस गेला की काय होतं ते मी बघितलंय.

आणि डिप्लोमाचा फॉर्म भरायचाच असेल तर क्लास कुठल्या वारी आणि परतीची गाडी कधीची एवढं आधी विचारा, सिलॅबस सगळीकडं उन्नीस-बीसच आहे.