फर्नेसचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय: नवे फ्यूज, बटणाचा ब्रेकर की टेक्निशियन?

अमेरिका-कॅनडात घर घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राच्या, कंट्रोल बोर्डाची ओळख होतेच. त्यावर गाडीत असतो तसा छोटा फ्यूज असतो: जांभळा ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी ५ चा. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो आणि थर्मोस्टॅट, बाहेरच्या एसी युनिटला चालू-बंद करणारा काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच), ह्युमिडिफायर हे सगळं त्या २४ व्होल्टवर चालतं. यातली एखादी वायर सोलली जाऊन दुसऱ्या वायरला किंवा पत्र्याला टेकली की फ्यूज उडतो. फ्यूज बदलायला मिनिटभर पुरतं. शॉर्ट कुठे आहे ते शोधणं हे खरं काम, आणि कोणती वाट धरायची हे त्यावरून ठरवा.

नुसता नवा फ्यूज एकाच प्रसंगी पुरतो: मेन स्विच बंद न करता थर्मोस्टॅट बदलला आणि आर (२४ व्होल्ट आणणारी) व सी (परतीची) वायरी एकमेकींना लागल्या. बाकी वेळी प्रत्येक चाचणीला एक फ्यूज जातो. मग वैतागून कुणी १० अँपिअरचा घालतं. हे कधीही करू नका. ४० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) ट्रान्सफॉर्मरची क्षमता दोन अँपिअरचीसुद्धा नाही. मोठा फ्यूज तसाच राहील आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकेल.

हाताने काम करायची तयारी असेल तर माझं मत ३ अँपिअरच्या, बटण दाबून रीसेट होणाऱ्या ब्रेकरला. तो फ्यूजच्या जागी बसतो, शॉर्ट आला की ट्रिप होतो, फ्यूज वाया जात नाहीत. आपोआप रीसेट होणारा मात्र घेऊ नका, तो शॉर्टला पुन्हा पुन्हा वीज देत राहतो.

वीज बंद करा, बोर्डावर कोणती वायर कुठे आहे त्याचा फोटो काढा, थर्मोस्टॅटकडे आणि बाहेर जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा. दार बसवून वीज सुरू करा. फर्नेसचं दार उघडताच वीज तोडणाऱ्या स्विचला टेप लावून काम उरकू नका. ब्रेकर टिकला तर दोष बहुधा बाहेरच्या वायरिंगमध्ये आहे. मग दर वेळी वीज बंद करून एकेक वायर परत जोडा. तो केव्हा पडतो याकडे नीट लक्ष द्या. आर जोडताच पडला तर थर्मोस्टॅटची केबल तपासा. हीट सुरू होताना पडला तर डब्ल्यूची (हीटची) वायर, फर्नेसच्या आतली गॅस व्हॉल्व्हची वायरिंग किंवा ह्युमिडिफायर. फक्त कूलिंगला पडला तर वायची (कूलिंगची) वायर किंवा बाहेरच्या युनिटमधल्या काँटॅक्टरची कॉइल. अंगणात ही वायर गवत कापायच्या ट्रिमरने किंवा उंदरांनी सोललेली सापडते. साध्या गॅस फर्नेसला हीटसाठी वाय लागत नाही, त्यामुळे दोष तिथे असेल तर थर्मोस्टॅट हीटवर ठेवून घर गरम राहतं. हीट पंपात बाहेरचं युनिटच घर गरमही करतं, त्याला हा हिशोब लागू नाही.

सगळ्या वायरी सोडवूनही ब्रेकर पडला तर दोष फर्नेसच्या आत आहे. तिथे टेक्निशियनच. हीट पंप असेल, वॉरंटी चालू असेल किंवा पॅनेल उघडायची धास्ती वाटत असेल तरी त्यालाच बोलवा. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला कळवा. गॅसचा वास आला तर कशालाही हात न लावता घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

शॉर्ट सापडून दुरुस्त झाला की ब्रेकर काढा आणि बोर्डावर छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज बसवा.